नाकातले रहिवासी : लोखंडाच्या मुलखात लोहाचा दुष्काळ

गेल्या आठवड्याचा लेख संपवताना मी लॅक्टोबॅसिलस या जीवाणूचा वायदा केला होता. तो आज पाळत नाही. मधल्या दिवसांत डिचोली तालुक्यातून एक पत्र आलं आणि त्यातला प्रश्न इतका नेमका आहे, की आधी त्याचंच उत्तर द्यायला हवं. पत्र मयेच्या बाजूच्या एका शिक्षिकेचं आहे. त्या लिहितात, की खाणी जोरात होत्या तेव्हा शाळेतून घरी येऊन नाक शिंकरलं की रुमालावर तांबडा डाग पडायचा. मधली काही वर्षं तो दिसेनासा झाला होता, आता ट्रक पुन्हा धावू लागले आहेत. ‘तुम्ही सांगता ते नाकातले चांगले जीवाणू या धुळीत टिकतात का? आणि ही धूळ म्हणजे लोखंडच ना? मग ते त्या जीवाणूंच्या अंगी लागतं, की आजार आणणाऱ्यांच्या?’

दुसरा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. जीवाणूंच्या भांडणात लोह कुणाच्या पदरात पडतं, हा प्रश्न सूक्ष्मजीवशास्त्राला पडायला १९४४ साल उजाडावं लागलं. डिचोलीतल्या माणसाला तो रुमालाकडे बघून पडला.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. शिरगाव, मये, लामगाव, पिळगाव, सुर्ल या डिचोलीच्या पट्ट्यात हेमटाइट, म्हणजे लोहाचं तांबडं खनिज आहे आणि त्याचा उपसा पोर्तुगीज अमदानीपासून चालत आला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तो ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबला, २०१५ मध्ये सुरू झाला आणि ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झाल्यावर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडला. पुढे डिसेंबर २०२२ च्या लिलावात जो पहिला ब्लॉक गेला, तो डिचोलीचाच. पेडण्याच्या लोकांनाही तांबडी धूळ परकी नाही. तिथल्या चिऱ्याच्या खाणींत दगड कापणाऱ्या यंत्राभोवती जो लाल ढग उठतो, त्याचा रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच असतो. या दोन्ही तालुक्यांत माणूस लोहावर चालतो, लोहावर घर बांधतो आणि उन्हाळ्यात लोह श्वासातून आत घेतो. त्याच माणसाच्या नाकपुडीत राहणारे जीवाणू मात्र जन्मभर लोहाच्या टंचाईत दिवस काढतात. आजचा हप्ता या टंचाईवर आहे, कारण नाकातली शांतता बऱ्याच अंशी तिच्यावर टिकून असते.

मोठ्या माणसाच्या शरीरात तीन ते चार ग्रॅम लोह असतं. त्यातलं दोन तृतीयांश रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये अडकलेलं असतं. उरलेलं यकृतात आणि इतर पेशींमध्ये फेरिटिनच्या कोठारात असतं, आणि जे थोडंफार प्रवासात असतं त्याला ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन धरून ठेवतं. मोकळं लोह जवळजवळ नसतंच. याचं एक कारण म्हणजे मोकळं लोह आपल्याच पेशींना जाळतं. दुसरं कारण असं, की बहुतेक सगळ्या जीवाणूंना श्वसनासाठी आणि डीएनए घडवण्यासाठी लोह लागतंच. ते कुलुपात ठेवलं की त्यांची वाढ खुंटते. अंगात ताप भरला की शरीर हे कुलूप आणखी घट्ट करतं. यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि रक्तातलं लोह काही तासांत खाली येतं. म्हणून जाणता डॉक्टर तापात लोहाची तपासणी केली तरी त्या आकड्यावर विसंबत नाही.

लोहाचं हे कुलूप ज्या प्रयोगातून पहिल्यांदा उमगलं, तो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा होता. आर्थर शेड आणि लिओना कॅरोलाइन या दोघांनी पाहिलं, की कच्च्या बलकात हगवणीचा जीवाणू, स्टॅफिलोकोकस ऑरियस, ई. कोलाय आणि यीस्टसुद्धा वाढत नाही. बलकात काहीतरी विषारी असावं असं कुणालाही वाटलं असतं. त्यांनी उलट बाजूने शोध घेतला. एकेक पोषक द्रव्य बलकात घालत गेले आणि कशाने वाढ परत येते ते पाहत राहिले. जीवनसत्त्वांनी काही झालं नाही, अमिनो आम्लांनी काही झालं नाही. लोहाचा क्षार घातला आणि जीवाणू वाढू लागले. बलकातलं एक प्रथिन लोह गिळून बसलं होतं, एवढाच त्याचा दरारा. १९४४ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि दोनच वर्षांनी माणसाच्या रक्तातही तसंच प्रथिन असल्याचं दाखवून दिलं. हेच ते ट्रान्सफेरिन.

नाकात हे काम लॅक्टोफेरिन करतं. ते १९६० मध्ये दुधातून शुद्ध स्वरूपात वेगळं केलं गेलं. बाळंतिणीच्या पहिल्या चिकात ते भरपूर असतं, अश्रूंत असतं आणि आपल्या शेंबडातही असतं. फ्लेमिंगला स्वतःच्या सर्दीत सापडलेलं जीवाणूनाशक लायसोझाइम आपण या मालेत पाहिलं आहे. त्याच शेंबडात, त्याच ग्रंथींतून लॅक्टोफेरिनही झिरपत असतं. त्याचा एक रेणू लोहाचे दोन अणू धरतो आणि आम्लता वाढली तरी सोडत नाही. ट्रान्सफेरिन आम्लात हात सैल करतं, लॅक्टोफेरिन करत नाही. सूज आलेल्या जागी आम्लता वाढते, आणि नेमकी तिथेच ही चिवट पकड उपयोगी पडते.

आता नाकपुडीत राहायचं तर या पकडीतून लोह सोडवलं पाहिजे. जीवाणूंनी त्यासाठी जी युक्ती काढली आहे, तिला सिडरोफोर म्हणतात. शापोरा नदीच्या काठी पाग टाकणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ती पटकन कळेल. जीवाणू आपल्या पेशीत एक छोटा रेणू विणतो आणि बाहेर शेंबडात टाकतो. त्या रेणूची लोहावरची पकड लॅक्टोफेरिनच्या तोडीची असते. लोह अडकलं की जीवाणू पाग आत ओढून घेतो. यात एक अडचण आहे. पाग एकदा हातातून सुटला की तो सार्वजनिक पाण्यात असतो, आणि ओढण्याचं तंत्र ज्याला ठाऊक असेल तो दुसऱ्याचा भरलेला पाग ओढून नेऊ शकतो. नाकातलं निम्मं राजकारण इथे चालतं.

हे डोळ्यांनी पाहता येतं. बर्नहार्ड श्वीन आणि जे. बी. नीलँड्स यांनी १९८७ मध्ये एक चाचणी तयार केली. क्रोम अझुरॉल एस नावाचा रंग लोहाला धरून असला की गर्द निळा दिसतो आणि त्याच्याकडून लोह हिसकावलं गेलं की नारिंगी होतो. हा रंग आगरात मिसळायचा आणि त्यावर जीवाणू वाढवायचा. विद्यार्थ्यांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना मला याच्याइतका आवडता प्रयोग दुसरा नव्हता. मुलं स्वतःच्या नाकपुडीत स्वॅब फिरवत, साध्या पोषक आगरावर रेघा ओढत आणि प्लेट्स रात्रभर ३७ अंशांवर ठेवत. दुसऱ्या दिवशी स्टॅफिलोकोकसच्या गुळगुळीत, फुगीर वसाहती आधी नजरेत भरत. कोरिनेबॅक्टेरियमच्या वसाहती बारीक, कोरड्या, पांढुरक्या असत आणि नवखा विद्यार्थी त्या हमखास सोडून देई.

निळ्या आगराची एक खोड आहे. रंग विरघळलेला राहावा म्हणून त्यात एक डिटर्जंट घालावा लागतो आणि नाकातल्या या जीवाणूंना तो सोसत नाही. म्हणून आम्ही वसाहती आधी साध्या आगरावर वाढवायचो आणि नंतर वितळवून कोमट केलेलं निळं आगर त्यांच्यावर पातळ थरात ओतायचो. मग वर्गात कुणी बोलत नसे. दहा-पंधरा मिनिटांत काही वसाहतींभोवती निळा रंग फिकट व्हायला लागायचा, मग पिवळसर, मग स्वच्छ नारिंगी कडं. शेजारची वसाहत तशीच निळ्यात बसलेली. काचेची सगळी भांडी आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवून ऊर्ध्वपातित पाण्याने विसळावी लागतात, कारण काचेला चिकटलेला लोहाचा अंशही चाचणी बिघडवतो. आपल्या लाल मातीच्या मुलखात तर खिडक्या बंद करूनच हा प्रयोग करावा. टेबलावरच्या धुळीचं एक बोट आगराला लागलं तरी निकालावर भरवसा ठेवता येत नाही.

याच चाचणीच्या आधाराने विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या रीड स्टबेनडीक, कॅमेरॉन करी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एक सुंदर काम केलं. नाकातून मिळवलेल्या जीवाणूंच्या जोड्या त्यांनी एकमेकांसमोर वाढवल्या. कोरिनेबॅक्टेरियम प्रोपिन्क्वम नावाची जात शेजारच्या साध्या स्टॅफिलोकोकसांना वाढूच देत नव्हती. त्या जातीच्या जनुकसंचात लोह मिळवण्याच्या जनुकांची रेलचेल निघाली. ती सोडत असलेला सिडरोफोर ओळखला गेला, त्याचं नाव डिहायड्रॉक्सीनोकार्डामाइन. मग त्यांनी शेड आणि कॅरोलाइन यांचीच जुनी परीक्षा घेतली. आगरात जास्तीचं लोह घातलं, तेव्हा दाबले गेलेले जीवाणू पुन्हा वाढले. म्हणजे दाबणारी गोष्ट विष नव्हती, उपासमार होती. माणसांच्या नाकातून थेट गोळा केलेल्या नमुन्यांतही तो सिडरोफोर बनवणारी जनुकं चालू असल्याचं दिसलं, त्यामुळे प्रकरण प्लेटपुरतं राहिलं नाही.

या कामातली एक गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. आपल्याला ज्याची धास्ती, त्या स्टॅफिलोकोकस ऑरियसवर या पागाचा परिणाम झाला नाही. ऑरियस स्वतःही सिडरोफोर बनवतो, स्टॅफिलोफेरिन ए आणि बी, आणि हायड्रॉक्झॅमेट वर्गातले परके सिडरोफोर आत ओढण्याची यंत्रणाही त्याच्याजवळ आहे. डिहायड्रॉक्सीनोकार्डामाइन त्याच वर्गातला. दुसऱ्याने टाकलेला पाग त्याला ओढता येतो.

परक्या पागाचा असा फायदा उठवणारं आणखी एक उदाहरण आपल्या आठवणीत ताजं आहे. थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावं लागतं, त्यातून अंगात लोह साचतं आणि ते बाहेर काढायला डेस्फेरिऑक्झामीन नावाचं औषध देतात. हे औषध मुळात जमिनीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जीवाणूचा सिडरोफोर आहे, वर सांगितलेल्या रेणूचा घराण्यातला भाऊ. १९८० च्या दशकात डायलिसिसवरच्या काही रुग्णांना ते दिलं गेलं तेव्हा त्यांच्यात म्युकरमायकोसिस होऊ लागला. माणसाच्या अंगातलं लोह औषध धरत होतं आणि बुरशी ते औषधाकडून काढून घेत होती. हाच म्युकरमायकोसिस २०२१ मध्ये ‘काळी बुरशी’ म्हणून घराघरांत माहीत झाला. त्या जूनअखेरपर्यंत देशात ४०,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि महाराष्ट्र त्यात आघाडीवर होता. बुरशीचे बीजाणू नाकातूनच आत जात, तिथून सायनसमध्ये, पुढे डोळ्याकडे. हाताबाहेर गेलेल्या मधुमेहात रक्त आम्लधर्मी होतं आणि आम्लात ट्रान्सफेरिनची पकड सुटते, हे मघाशी सांगितलं. सुटलेलं लोह बुरशीच्या वाट्याला जातं. त्यात भर म्हणून कोविडसाठी दिलेल्या स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती खाली आणली होती आणि साखर वर चढवली होती. ज्यांच्या घरात तेव्हा कुणाचा वरचा जबडा किंवा डोळा काढावा लागला, त्यांना नाकातल्या लोहाचं मोल मी वेगळं सांगायला नको.

मग ऑरियसला आवर कोण घालतं? लुगडुनिन, म्हणजे नाकातल्याच एका जीवाणूने बनवलेलं प्रतिजैविक, हे एक उत्तर आपण या मालेत पाहिलं. दुसरं उत्तर सायमन हाइलब्रोनर यांच्या गटाकडून २०२४ मध्ये आलं, आणि ते मला लुगडुनिनहूनही जास्त आवडतं. नाकातल्या अनेक निरुपद्रवी रहिवाशांना ऑरियसचा स्टॅफिलोफेरिन आत घेता येतो. त्यातले काही स्वतः एकही पाग विणत नाहीत. ऑरियसने टाकलेला पाग ते त्याच्या आधी ओढतात. लोहाची टंचाई असलेल्या माध्यमात अशा शेजाऱ्यांबरोबर ठेवल्यावर ऑरियसची वाढ मंदावली. सिडरोफोर विणायला ऑरियसने ऊर्जा खर्च केली आणि लोह गेलं दुसऱ्याकडे. यात प्रतिजैविक नाही. प्रतिजैविकाला तोंड द्यायला जीवाणू शिकतो, ते आपण औषधांना न जुमानणाऱ्या ऑरियसच्या, म्हणजे एमआरएसएच्या निमित्ताने पाहिलं. आपलंच अन्न शेजाऱ्याने आधी उचललं, तर त्यावर तोड काढणं बरंच अवघड जातं.

हे सगळं चालतं ते नाकात लोह कमी आहे तोवर. विपुलता आली की पागाची चढाओढच संपते आणि जो जास्त वेगाने वाढतो त्याची सरशी होते. म्हणून खरा प्रश्न असा, की नाकातला दुष्काळ कशाने मोडतो?

पहिलं कारण आपल्याच बोटांत आहे. ऑरियसला सर्वांत जास्त आवडतं ते रक्तातलं लोह. शिकागो विद्यापीठातल्या एरिक स्कार आणि ओलाफ श्नीविंड यांनी २००४ मध्ये दाखवलं, की हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग, आणि ट्रान्सफेरिन अशी दोन्ही पानं वाढली तर ऑरियस आधी हीमकडे वळतो. त्याची विषं तांबड्या पेशी फोडतात आणि त्याच्या पेशीभित्तिकेवरची प्रथिनं बाहेर आलेलं हिमोग्लोबिन पकडून त्यातलं हीम आत पोचवतात. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांना २०११ मध्ये आढळलं, की नाकाच्या स्रावातलं हिमोग्लोबिन ऑरियसला पृष्ठभागावर ठाण मांडायला मदत करतं. तिथे अन्नापलीकडचं कारणही निघालं. हिमोग्लोबिनची चाहूल लागली की ऑरियसची वसाहत मोडून पांगण्याची यंत्रणा बंद होते.

नाकात हिमोग्लोबिन येतं कुठून? नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या भागात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं अगदी वरवर असतं. एप्रिल-मेमध्ये कोरड्या, धुळीच्या हवेत तिथे मेकूड धरतं. ते बोटाने ओरबाडलं की त्वचा सोलते आणि डोळ्याला दिसणार नाही इतकं रक्त पाझरतं. मुलांचा घोळणा फुटतो तो बहुधा याच जागी. नेदरलँड्समध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नाकात बोटं घालण्याची सवय असलेल्या रुग्णांच्या नाकात ऑरियस जास्त प्रमाणात सापडला होता. बोटाबरोबर ऑरियस आत जातो, हा त्यातला अर्धा भाग. उरलेला अर्धा असा, की तेच नख त्याच्यासाठी लोहाचं पान वाढून ठेवतं.

आता त्या पत्रातल्या धुळीकडे येतो. हेमटाइट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दगडातलं लोह आणि जीवाणूच्या उपयोगाचं लोह यात फार अंतर आहे. सिडरोफोर खनिजातून लोह सोडवू शकतात, जमिनीतले जीवाणू तेच करतात, पण त्याला वेळ लागतो आणि नाक तेवढा वेळ देत नाही. नाकाच्या आतल्या पेशींवरचे सूक्ष्म केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलत असतात आणि शेंबडाचा थर घशाकडे सरकवत असतात. दहा ते वीस मिनिटांत तो थर नवा होतो. ट्रकमागे उडणाऱ्या धुळीचे मोठे कण या थरात अडकून बाहेर पडतात. रुमालावरचा तांबडा डाग म्हणजे नाकाने आपलं काम चोख केल्याची पावती आहे. त्यामुळे बाईंना माझं पहिलं उत्तर असं, की खाणीच्या जाड्याभरड्या धुळीने नाकातल्या जीवाणूंना लोहाची मेजवानी मिळते असं मानायचं कारण नाही.

उत्तराचा दुसरा भाग इतका दिलाशाचा नाही. कण जसजसा बारीक होतो, तसा त्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने वाढतो आणि लोह सुटं होणं सोपं जातं. तापवून, वितळवून, जाळून तयार झालेले कण तर याबाबतीत दगडाच्या धुळीपेक्षा फार पुढे असतात. कोळशाच्या राखेतल्या लोहाने श्वसनमार्गातल्या जीवाणूनाशक प्रथिनांचं काम बिघडतं आणि जीवाणूंची वाढ जोमाने होते, हे आयोवातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं. माणसांतला सर्वांत बोलका पुरावा वेल्डरांचा आहे. साउथहॅम्प्टनच्या डेव्हिड कॉगन यांनी इंग्लंड आणि वेल्समधल्या मृत्यूंच्या नोंदी तपासून १९९४ मध्ये प्रसिद्ध केलं, की कामाच्या वयातले वेल्डर न्यूमोनियाने इतरांपेक्षा जास्त मरतात, आणि निवृत्तीनंतर हा फरक नाहीसा होतो. धूर थांबला की धोकाही ओसरतो. वेल्डिंगच्या धुरात लोहाचे अतिसूक्ष्म कण असतात. न्यूमोकोकस हा जीवाणू मुळात नाक-घशातच राहतो आणि संधी मिळाली की खाली फुफ्फुसात उतरतो. ब्रिटनमध्ये आज वेल्डरांना न्यूमोकोकसची लस देण्याची शिफारस आहे.

डिचोली आणि पेडण्यात ग्रिल, गेट, पत्र्याचे मंडप बनवणाऱ्या वेल्डिंगच्या शेड गावोगाव आहेत, आणि किनाऱ्यावर हॉटेलं उभी राहतात तिथेही वेल्डर राबतात. डोळ्यांवर काच धरतात, नाकावर काही नसतं. माझ्या मते या लेखातली सर्वांत निकडीची गोष्ट हीच आहे. घरात कुणी वेल्डर असेल तर धूर बाहेर ओढणारा पंखा आणि धुराचे कण अडवणारा मुखवटा यांचा आग्रह धरा आणि लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. खनिजाच्या धुळीबाबतही मी निष्काळजी व्हायला सांगत नाही. तिच्यात सिलिका असते आणि अडीच मायक्रॉनच्या आतले कण नाकाला चुकवून थेट फुफ्फुसात जातात. रस्त्यावर टँकरने पाणी मारणं आणि ट्रकवर ताडपत्री घट्ट बांधणं या जुन्या मागण्या फुफ्फुसांसाठी तितक्याच खऱ्या आहेत.

नाकासाठी घरच्या घरी करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. धुळीतून आल्यावर मेकूड बोटाने खरवडू नये. उकळून कोमट केलेल्या अर्धा लिटर पाण्यात चहाचा पाऊण चमचा, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास मीठ घालून त्याने नाक धुवावं किंवा थेंब सोडावेत. धुळीचा कण निघतो आणि पडद्याला ओरखडा जात नाही. पाणी उकळलेलंच हवं, यात सवलत नाही. गोड्या, कोमट पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा राहतो. तो प्यायल्याने काही होत नाही, नाकात गेला तर मेंदूपर्यंत पोचतो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात नळाच्या पाण्याने नेती केलेल्या दोघांचा त्याने बळी घेतला आणि केरळमध्ये अमीबाच्या मेंदूज्वराच्या बातम्या अलीकडे सारख्या येत आहेत. विहिरीचं, तळीचं किंवा बंद खाणीच्या खड्ड्यात साचलेलं पाणी तसंच नाकात घेऊ नका, आणि मुलांना त्या खड्ड्यांत सूर मारू देऊ नका. नाक रोज रोज धुण्याचीही गरज नाही, कारण तोच शेंबूड लॅक्टोफेरिन घेऊन येतो.

हा लेख वाचून कुणी लोहाच्या गोळ्या बंद करणार असेल, तर कृपा करून तसं करू नका. पोटातून गेलेलं लोह शरीर ट्रान्सफेरिनच्या ताब्यात देतं आणि हिमोग्लोबिन बनवण्याला लावतं. रक्तक्षयाने प्रतिकारशक्ती स्वतःच खालावते. जिथे हिवताप फार आहे तिथे मात्र सरसकट लोह वाटताना जपावं लागतं. झांझिबारजवळच्या पेंबा बेटावर सुनील सझावल यांच्या चमूने लहान मुलांना लोह आणि फॉलिक आम्ल देऊन पाहिलं, तेव्हा रुग्णालयात भरती होणाऱ्यांची आणि दगावणाऱ्यांची संख्या वाढली आणि तो भाग थांबवावा लागला. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते आलं. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने अशा भागांत हिवतापाच्या बंदोबस्तासोबतच लोह द्यायला सांगितलं. गर्भवतीला, वयात येणाऱ्या मुलीला डॉक्टरांनी दिलेली गोळी तिच्या हक्काची आहे.

पेडण्याच्या एका वाचकांनी नाकात तेल सोडण्याबद्दल, नस्याबद्दल विचारलं आहे. धारगळला डिसेंबर २०२२ पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्था उभी आहे, तेव्हा त्या भागात हा प्रश्न वरचेवर निघणारच. तेल आणि कोरिनेबॅक्टेरियम अ‍ॅकोलेन्स यांचं नातं फार मजेदार आहे, ही जात चरबी फोडून तिच्यातून न्यूमोकोकसला मारक ठरणारं ओलेइक आम्ल मोकळं करते. पण त्याला स्वतंत्र हप्ता लागेल.

त्याआधी लॅक्टोबॅसिलस, आणि आता तो लांबणीवर टाकणार नाही. आजच्या विषयाशी त्याचा सांधा आयताच जुळतो. फ्रेडरिक आर्चिबाल्ड यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं, की लॅक्टोबॅसिलस प्लान्टारम लोहावाचून व्यवस्थित वाढतो आणि लोहाची बरीच कामं मँगनीजवर भागवतो. लोह कुलुपात ठेवण्याची शरीराची सगळी खटपट या कुळाला बाधतच नाही. हे दह्यातले पाहुणे नाकात काय करतात, बेल्जियममध्ये अँटवर्प विद्यापीठातल्या सारा लेबेर यांना ते निरोगी नाकांत कसे सापडले आणि त्यांनी त्यातल्या एकाचा फवारा करून स्वयंसेवकांच्या नाकात कसा मारला, ते पुढच्या आठवड्यात.